बिबटे मोजताना रकान्यांची बेरीज करू नका

केळीच्या बागेत बिबट्या दिसला की त्याचा व्हिडिओ दोन दिवसांत रावेरचा होतो, चोपड्याचा होतो आणि चाळीसगावचाही होतो. मग 'बिबटे फार वाढले' हे जो तो सांगू लागतो. वन विभागच रात्री गाड्या भरून बिबटे आणतो आणि शिवारात सोडून देतो, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. या गोष्टीला पुरावा म्हणून आणखी एक फॉरवर्ड केलेला व्हिडिओच पुढे येतो. एकच प्राणी पाच गावांत दिसला तर ते पाच प्राणी होत नाहीत. दिसणं वेगळं आणि संख्या वेगळी.

संख्या काढायची तर 'हा तोच की दुसरा' हे आधी ठरवावं लागतं. पूर्वी वाघ-बिबटे पंजाच्या ठशांवरून मोजत. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यातले वाघ संपल्याचं २००५ मध्ये उघड झालं आणि त्या पद्धतीवरचा उरलासुरला विश्वासही गेला. आता पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. प्रत्येक बिबट्याचे ठिपके आपल्या बोटांच्या ठशांसारखे वेगळे असतात. उजव्या आणि डाव्या कुशीवरची नक्षीही एकसारखी नसते, म्हणून कॅमेरे जोडीनं लावावे लागतात.

पुढचं गणित शाळेतलं आहे. ठरावीक दिवस कॅमेरे चालवले की ती एक फेरी. पहिल्या फेरीत किती टिपले गुणिले दुसऱ्या फेरीत किती टिपले, भागिले दोन्ही फेऱ्यांत सापडलेले, की एकूण संख्येचा अंदाज मिळतो. पण यात एक गृहीत दडलेलं आहे: प्रत्येक प्राणी कॅमेऱ्यात येण्याची शक्यता सारखी. बिबट्यांत ते खरं नसतं. नराचा फिरण्याचा टापू मोठा, त्यामुळे तो जास्त कॅमेऱ्यांसमोरून जातो.

सोपे आकडे घेऊ. समजा, एका मोठ्या जंगलात १०० नर आणि १०० माद्या आहेत. प्रत्येक फेरीत नरांपैकी ८० टिपले जातात, माद्यांपैकी फक्त २०. म्हणजे दोन्ही फेऱ्यांत १००-१०० प्राणी. दोन्हींत सापडणारे नर ६४ आणि माद्या ४, एकूण ६८. सगळे एकत्र धरून १०० गुणिले १०० भागिले ६८ केलं, तर उत्तर येतं सुमारे १४७. खरे आहेत २००! आता वेगवेगळं करून पाहा. नर: ८० गुणिले ८० भागिले ६४, म्हणजे १००. माद्या: २० गुणिले २० भागिले ४, म्हणजे १००. कॅमेरे तेच, फोटो तेच, फक्त गट पाडले आणि हरवलेले ५३ प्राणी परत आले.

म्हणून गट पाडायचेच. खरी गंमत गट एकाहून जास्त प्रकारचे असतात तेव्हा सुरू होते. आपल्याला नर-मादीही पाहायचं आहे आणि यावल अभयारण्य, गौताळा अभयारण्य हेही पाहायचं आहे. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या गॅरी व्हाइट यांचं 'मार्क' हे सॉफ्टवेअर यासाठी जगभर वापरतात. त्याच्या फाइलीत एका प्राण्याची ओळ अशी दिसते (प्रत्यक्षात आकडे इंग्रजी अंकांत टाकावे लागतात):

०१०११ १ ० ० ०;

पहिले पाच अंक म्हणजे पाच फेऱ्या: दिसला तिथे १, नाही दिसला तिथे ०. पुढचे चार रकाने गटांचे: यावल नर, यावल मादी, गौताळा नर, गौताळा मादी. हा यावलचा नर. शेवटचा अर्धविराम विसरायचा नाही.

नवखा माणूस मात्र रकाने असे पाडतो: नर, मादी, यावल, गौताळा. मग यावलच्या नराची ओळ होते:

०१०११ १ ० १ ०;

माणसाला हे अगदी बरोबर वाटतं. सॉफ्टवेअरला मात्र रकान्याचं नाव ठाऊक नसतं. त्याच्या लेखी रकान्यातला आकडा म्हणजे 'असा इतिहास असलेले या गटातले प्राणी किती'. त्यामुळे ते एक प्राणी पहिल्या गटात आणि दुसरा तिसऱ्या गटात मोजतं. जंगलातले सगळे बिबटे एका झटक्यात दुप्पट! शिवाय माहितीही दुप्पट दिसते, म्हणून त्या चुकीच्या आकड्याची खात्रीही जास्त वाटते. आणि संगणक चूक दाखवत नाही, कारण लिंगं दोन, जंगलं दोन: २ अधिक २ चार आणि २ गुणिले २ देखील चारच. धुळे जिल्ह्यातलं अनेर धरण अभयारण्य तिसरं म्हणून जोडलं की ही चूक लपत नाही. मग बेरीज पाच, गुणाकार सहा. सहा गट सांगून पाच रकाने दिले की गाडी तिथेच अडते. रकाने गुणाकारानं पाडायचे, हा त्यातला नियम.

'आर' या संगणकाच्या भाषेतून 'मार्क' चालवणारं 'आरमार्क' हे पॅकेज हा गुणाकार स्वतःच करतं. तिथे एका रकान्यात लिंग, दुसऱ्यात जंगल असं सरळ शब्दांत लिहिता येतं.

चार गट म्हणजे चार स्वतंत्र उत्तरं काढायची, असंही नाही. नर-मादीतला फरक दोन्ही जंगलांत सारखाच आहे असं मानलं, तर चारऐवजी तीनच आकडे काढावे लागतात: एक पाया, एक लिंगाचा फरक, एक जंगलाचा. हे फरक सरळ टक्केवारीत न जोडता लॉजिट मापावर (शक्यता आणि तिची उलट शक्यता यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमवर) जोडतात, म्हणजे शक्यता शून्याखाली किंवा एकाच्या वर जात नाही. बिबट्यांसारखे मोजकेच प्राणी हाती असताना हा एक वाचलेला आकडा फार मोलाचा ठरतो.

फोटोत नर की मादी कळलंच नाही तर? 'अज्ञात' असा तिसरा गट करायचा मोह होतो. पण जो बिबट्या वारंवार टिपला जातो, त्याचं लिंग कधीतरी कळतंच. 'अज्ञात'मध्ये बहुतेक एकदाच दिसलेले उरतात. म्हणजे हा गट आपल्या कॅमेऱ्यांनीच तयार केलेला, निसर्गानं नव्हे. अशा वेळी लिंग हीसुद्धा एक शक्यता मानणारं, 'हा नर असण्याची शक्यता इतकी' असं धरून चालणारं प्रारूप वापरावं लागतं.