कायझेन (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा)

कायझेन : काम करणाऱ्यानेच आपल्या कामात रोज थोडी थोडी सुधारणा करत राहण्याची, जपानी कारखान्यांत वाढलेली रीत. ‘काय’ म्हणजे बदल, ‘झेन’ म्हणजे चांगला. लीन पद्धतीच्या कारखान्यात वाया जाणारा वेळ, माल आणि हालचाल कमी करायची असते. या वाया जाण्याला जपानीत ‘मुदा’ म्हणतात. ते नेमके कुठे होते हे मशीनवर उभ्या माणसाइतके कुणालाच दिसत नाही, म्हणून कामगाराचा सहभाग हा या पद्धतीचा कणाच. ठाणे-बेलापूर पट्ट्यात शब्द आता इतका रुळला आहे की ‘या महिन्यात किती कायझेन टाकले?’, म्हणजे किती सुधारणा सुचवल्या, असे सुपरवायझर सहज विचारतो.

टोयोटा या जपानी मोटार कंपनीचे एइजी टोयोडा 1950 मध्ये अमेरिकेत फोर्डचा कारखाना पाहून आले. तिथली कामगारांकडून सूचना मागवण्याची प्रथा टोयोटाने 1951 मध्ये आपल्याकडे सुरू केली. 1962 पासून जपानमध्ये क्वालिटी सर्कल, म्हणजे आपल्या कामातल्या अडचणी मिळून सोडवणारे एकाच विभागातल्या कामगारांचे छोटे गट, उभे राहिले. त्यामागे गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा होते. भारतात ही कल्पना 1980 मध्ये ‘भेल’ या सरकारी कंपनीच्या हैदराबाद कारखान्यातून आली. ‘लीन’ हे नाव त्यानंतरचे, 1988 चे.

ठाण्याची वागळे इस्टेट आणि खाडीपलीकडची दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे अशी पसरलेली टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक वसाहत, इथे मोठ्या कंपन्यांइतकीच त्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉपे आहेत. बऱ्याच वर्कशॉपमध्ये कायझेन शिरते ते मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटमुळे. ऑडिटच्या आदल्या रात्री जमिनीवर पिवळे पट्टे मारले जातात, हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवली जाते. याला रंगकाम म्हणावे, कायझेन नव्हे. दसऱ्याला मशीन पुसून हार घालायची प्रथा इथे जुनीच आहे. ‘फाइव्ह एस’, म्हणजे कामाची जागा आवरून स्वच्छ ठेवण्याची जपानी शिस्त, मागते ती तीच पुसापुशी, पण रोज, आणि पुसताना तेल कुठून गळते हे पाहण्यासाठी.

खरे कायझेन कसे घडते? समजा, जुलैत तयार जॉबवर, म्हणजे मशीनवर घडवलेल्या सुट्या भागांवर, गंजाचे ठिपके पडतात. का? रात्रभर ते तेल न लावता पडून असतात. तसे का? तेलाची टाकी पॅकिंगमध्ये आहे आणि पॅकिंग सकाळच्या पाळीतच चालते. टाकी तिथेच का? पूर्वी माल त्याच दिवशी जायचा, म्हणून तेव्हा ते सोयीचे होते. मग लेथवरचा माणूस सुचवतो की एक छोटा डबा मशीनशेजारीच ठेवा, जॉब उतरवला की बुडवायचा. खर्च जवळपास शून्य. टोयोटाच्या परंपरेत ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारायला सांगतात. इथे तिसऱ्यालाच उत्तर सापडले. ऑफिसात बसून हा प्रश्न सुटला असता तर बहुधा महागडे गंजरोधक रसायन मागवले गेले असते.

सूचनापेटी मात्र लवकर मरते. पेटी उघडलीच जात नाही, किंवा उघडली तरी ‘बघतो’ या उत्तरावर चिठ्ठी महिनोन्‌महिने अडकते. मग दुसरी चिठ्ठी पडत नाही. म्हणून जिथे ही रीत टिकते तिथे बक्षिसापेक्षा उत्तराला महत्त्व असते. नकार असला तरी कारणासह, त्याच आठवड्यात. वेळेचाही प्रश्न आहे. पाळी सुटल्यावर बैठक ठेवली तर कंपनीची बस आणि पुढची लोकल चुकते, त्यामुळे पाळीच्या सुरुवातीची मशीनशेजारची दहा मिनिटेच कामाला येतात.

युनियनचा जुना संशय निराधार नाही. चार माणसांचे काम तिघांत बसवणारी सूचना देणारा स्वतःच्याच शेजाऱ्याचे पोट कापतो, असे कामगाराला वाटले तर तो गप्प राहणारच. सुधारणेमुळे कुणाची नोकरी जाणार नाही, ही हमी त्यामुळे आधी द्यावी लागते. ती कायम कामगाराला देणे सोपे. कंत्राटदाराकडून आलेल्या हेल्परला ती कोण देणार, हे ठरलेले नसते. सूचनेच्या फॉर्मवर टोकन नंबरचा, म्हणजे कंपनीने कामगाराला दिलेल्या ओळख-क्रमांकाचा, रकाना असेल, तर त्याला लिहायला तो नंबरही नसतो.