लेव्हर : वेल्सच्या किनाऱ्यावरील खाद्य शेवाळ

लेव्हर हे ब्रिटनच्या, त्यातही वेल्सच्या, खडकाळ किनाऱ्यावर वाढणारे तांबडे समुद्रशैवाल (पॉर्फिरा अंबिलिकॅलिस व जवळच्या जाती). जपानी नोरी, म्हणजे सुशीला गुंडाळतात ते वाळवलेले शेवाळ, याच कुळातली. पान एकाच पेशीइतके जाड, ओले असताना जांभळट-तपकिरी व बुळबुळीत. ओहोटीत उन्हाने सुकले की काळा पापुद्रा होऊन खडकाला चिकटून बसते. पाणी चढले की पुन्हा पसरते.

काढणी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी खूप खाली जाते. तेव्हा काढणी सोपी. हिवाळ्याच्या शेवटापासून वसंतापर्यंत पान कोवळे असते, भर उन्हाळ्यात ते चिवट व फिकट होते. कात्रीने वरचा भाग कापावा आणि खडकाला धरलेले बूड राहू द्यावे, म्हणजे तिथेच पुन्हा फुटते. ओढून उपटले तर फूट जातेच, वर रेव आणि बारीक गोगलगायीही घरी येतात. वाहून किनाऱ्याला लागलेले शेवाळ घेऊ नये, ते कधी तुटले हे कळत नाही. सांडपाण्याची तोंडे, बंदरे आणि नदीमुखे टाळावीत. विक्रीसाठी काढायचे असल्यास जागामालकाची परवानगी लागते.

धुणे. खरी मेहनत इथे आहे. पहिली धुवणी किनाऱ्यावरच, समुद्राच्या पाण्यात. घरी मोठ्या पातेल्यात थंड पाणी घेऊन पाने खळबळवावीत आणि वरच्या वर उचलून घ्यावीत. पाणी ओतून दिले तर तळाची रेव पुन्हा पानांत जाते. पातेल्याच्या तळाशी रेव दिसेनाशी होईपर्यंत, म्हणजे सहा-सात वेळा तरी, हे करावे. रेवेचा एक कण राहिला तरी सगळा पदार्थ कचकचतो. गोड्या पाण्यात फार वेळ भिजत ठेवू नये. पाणी जांभळे होते, तो पानाचाच रंग.

शिजवणे. पान इतके पातळ, तरी शिजायला सहा ते आठ तास लागतात. अर्धा किलो धुतलेल्या पानाला सुमारे एक लिटर पाणी घालून अगदी मंद आचेवर ठेवावे. आटेल तसे गरम पाणी वाढवावे, अधूनमधून ढवळावे, नाहीतर बुडाला लागते. मीठ शेवटी, चव बघूनच. पालेभाजीच्या गरगट्यासारखा काळपट-हिरवा लगदा झाला की उतरवावे. घाईने उतरवलेले रबरासारखे लागते आणि मग त्याला उगाच नावे ठेवली जातात. हा लगदा म्हणजेच लेव्हरब्रेड. यात पाव कुठेच नाही. 200 ग्रॅम लगद्यात 50 ग्रॅम ओट्सची भरड मिसळून चपट्या वड्या थापतात आणि बेकनच्या चरबीत दोन्ही बाजूंनी खमंग तळतात. सोबत कॉकल जातीचे शिंपले. 2017 मध्ये युरोपीय संघाने वेल्श लेव्हरब्रेडला उत्पत्तिस्थानाचे संरक्षण दिले, म्हणजे हे नाव वेल्समध्ये बनलेल्यालाच लावता येते.

टिकवण. लगदा फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो. बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवल्यास काही महिने. वाळवायचे असल्यास शेवटची धुवणीही समुद्राच्याच पाण्यात करावी, पाने निथळून एकेक पदरी पसरावीत आणि वाऱ्यावर किंवा 50 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये खडखडीत करावीत. पान दुमडल्यावर मोडले पाहिजे. वाकले तर ओल आहे आणि बुरशी ठरलेली. हवाबंद, अंधाऱ्या बरणीत ठेवावे. नुसते सादळले असेल तर पुन्हा थोडे तापवून भागते. वेल्सच्या पेम्ब्रोकशर परगण्यातील फ्रेशवॉटर वेस्ट या किनाऱ्यावर पूर्वी वाळवणीसाठी गवताने शाकारलेल्या झोपड्या होत्या. जतन केलेली एक आजही आहे.

शेती. लेव्हरची लागवड फार काळ का जमत नव्हती, याचे उत्तर ब्रिटिश शैवालशास्त्रज्ञ कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी 1949 मध्ये दिले : या शैवालाची एक सूक्ष्म, धाग्यासारखी अवस्था शिंपल्यांच्या कवचात वाढते. त्यावरूनच जपानमध्ये नोरीचे बी तयार करता येऊ लागले.

कोकणातील जात. पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस ही जात महाराष्ट्र-गोव्याच्या खडकांवर पावसाळ्यात येते. मात्र तेव्हा दर्या खवळलेला आणि खडक निसरडे असतात, त्यामुळे तिची काढणी जोखमीची.