सामाईक भारांक पद्धत

एकाच प्रकारचे काम करणाऱ्या शाळा, रुग्णालये, बँकशाखा यांसारख्या घटकांना एकच भारांक-संच (कोणत्या बाबीला किती महत्त्व द्यायचे हे ठरवणारे आकडे) लावून त्यांची कार्यक्षमता मोजण्याची व क्रमवारी लावण्याची गणिती रीत. ती डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस (यापुढे डीईए) या तंत्राची शाखा आहे.

डीईएची कल्पना एम. जे. फॅरेल यांच्या १९५७ च्या निबंधापर्यंत मागे नेता येते. तिला रेषीय प्रायोजनाचे (ठरावीक मर्यादांत सर्वोत्तम उत्तर काढण्याच्या गणिती रीतीचे) रूप चार्न्स, कूपर व ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये दिले. प्रदानांची (घटकाने केलेल्या कामाची) भारित बेरीज भागिले आदानांची (त्यासाठी वापरलेल्या साधनांची) भारित बेरीज म्हणजे कार्यक्षमता. भारांक मात्र प्रत्येक घटक आपल्याला सर्वांत सोयीचे निवडतो. अट एवढीच की, त्या भारांकांनी कोणाचेही गुणोत्तर १ च्या वर जाऊ नये.

या सवलतीतूनच अडचण उद्भवते. समजा, सारखेच कर्मचारी असलेल्या तीन बँकशाखा आहेत. ‘अ’ने ८० ठेवखाती उघडली व १० कर्जप्रकरणे मंजूर केली, ‘ब’ने ५० व ५०, ‘क’ने १० व ७५. ‘अ’ने कर्जांना शून्य भार दिला, ‘क’ने ठेवींना शून्य दिला आणि ‘ब’ने दोन्ही सारखे धरले, की तिन्ही शाखा १०० टक्के कार्यक्षम ठरतात. कर्जप्रकरणांचा हिशेबच न धरता ‘अ’ पूर्ण गुण मिळवते, हे कोणत्याही लेखापरीक्षकाला पटणारे नाही. सर्वांना १:१ भार लावला तर बेरजा ९०, १०० व ८५ येतात आणि ‘ब’ पहिली ठरते. ठेवींना दुप्पट भार दिला, तर बेरजा १७०, १५० व ९५ होऊन ‘अ’ वर जाते. तेव्हा क्रम लागतो खरा. पण सामाईक संच कोणत्या निकषाने काढला, यावरच सारे अवलंबून असते.

पद्धतीचा उगम कोठे मानावा, याविषयी एकवाक्यता नाही. कुक, रोल व कझाकोव्ह यांचा कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील महामार्ग-देखभाल पथकांवरील १९९० चा अभ्यास काहीजण आरंभ मानतात, तर काहीजण रोल, कुक व गोलानी यांच्या १९९१ च्या लेखाला तो मान देतात. भारांकांवर मर्यादा घालण्याचे थॉम्पसन व सहकाऱ्यांचे तंत्र (१९८६) आणि सेक्स्टन, सिल्कमन व होगन यांचे परस्पर-मूल्यमापन (१९८६) याआधीचे आहे. मात्र पहिल्यात प्रत्येक घटकाचे भारांक वेगळेच राहतात आणि दुसऱ्यात अनेक संचांनी मिळालेल्या गुणांची सरासरी घेतली जाते. म्हणून त्यांना पूर्वसूरी म्हणणे अधिक योग्य वाटते. १९९० चा अभ्यास आरंभ धरणे सयुक्तिक दिसते. कारण एकाच प्रशासनाच्या पथकांना एकच मोजपट्टी लावण्याची निकड तेथे प्रत्यक्ष होती.

संच काढण्याच्या रीतींपैकी काओ व हुंग यांची तडजोड-रीत (२००५) विशेष उल्लेखनीय आहे. प्रत्येक घटकाला मोकळ्या भारांकांनी मिळालेले गुण हे त्याचे आदर्श लक्ष्य मानून, सर्व लक्ष्यांपासूनचे एकूण अंतर कमीत कमी ठेवणारा संच ती शोधते. अंतर कसे मोजावे, यानुसार उत्तर बदलते. लिऊ व पेंग (२००८) यांनी केवळ १०० टक्के गुण मिळवणाऱ्या घटकांचा क्रम लावण्यासाठी वेगळी रीत मांडली.

संच सर्व घटकांच्या आकड्यांवरून निघत असल्याने, यादीत एखादी शाखा वाढली वा गळाली तरी इतरांचा क्रम बदलू शकतो.