पार्श्वभूमी : ऐकलेली कादंबरी आणि ‘माध्यमांतर’ हा शब्द

ऑनलाइन तासाला ‘आवाज येतोय का?’ हे विचारून झाले की दर सत्रात कुणीतरी तो प्रश्न काढतेच: ‘मॅडम, कादंबरी मी ऐकलीय. वाचलीय म्हणू का?’ विचारणारा कधी कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला निघालेला असतो, तर कधी ती रेंजसाठी घरामागच्या टेकाडावर येऊन बसलेली गगनबावड्याकडची मुलगी असते. दोघांनीही कादंबरी शेवटपर्यंत मन लावून ऐकलेली असते. तरी सरळ ‘हो’ म्हणता येत नाही, कारण ज्या विषयाचा हा तास आहे त्याच्या ‘माध्यमांतर’ या नावातच गुंता आहे.

गोष्ट एका माध्यमातून दुसऱ्यात नेणे हे कोल्हापूरला नवे नाही. ‘सावकारी पाश’ हा मूकपट इथे १९२५ मध्ये एका मराठी कादंबरीकाराच्या कथेवरून तयार झाला. इथेच १९२९ मध्ये निघालेली दुसरी चित्रपट कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि तिने १९३७ मध्ये त्याच कादंबरीकाराच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून ‘कुंकू’ काढला. मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणारे लेखकही १९३६ पासून बोलपटांसाठी कथा लिहीत होते आणि पुढे कोल्हापुरातच स्थायिक झाले. मराठीच्या वर्गाला मात्र याची झळ लागली नाही. १९६२ मध्ये इथे विद्यापीठ झाले, त्याआधी इथली कॉलेजे मुंबईला आणि मग पुण्याला जोडलेली होती. साहित्याचा अभ्यास म्हणजे छापील पुस्तकाचा अभ्यास, ही रीत आपण त्या विद्यापीठांकडूनच घेतली.

त्याच १९६०च्या दशकात तीन कथाकार गावोगाव फिरून कथाकथन करत होते. त्यांतले एक आपल्या पट्टणकोडोलीचे. त्यांच्या कथा ज्यांनी प्रत्यक्ष ऐकल्या ते आजही सांगतात की छापील पानावर ती गंमत नाही: कुठे थांबायचे, कुठला शब्द ओढायचा, हशा ओसरेपर्यंत किती वेळ गप्प बसायचे. अभ्यासात त्या कथा आल्या, पण पुस्तकातून. थांबणे अभ्यासाला आले नाही.

एम. ए.च्या अभ्यासक्रमांत ‘साहित्यकृतीचे माध्यमांतर’ अशा नावाचे पेपर येऊ लागले, तेव्हा निदान चित्रपटाला वर्गात जागा मिळाली. हे मोठे काम होते आणि ज्यांनी ते रेटले त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण शब्द अडला तो इथेच.

‘माध्यमांतर’ हा भाषांतर, रूपांतर, वेशांतर यांच्या चालीवर घडलेला शब्द. मात्र ‘अंतर’ लागलेले सगळे शब्द सारखे वागत नाहीत. स्थलांतर केले की जुनी जागा सुटते. पक्षांतर केले की आधीचा झेंडा खाली ठेवावा लागतो. भाषांतरात मूळ पुस्तक जागच्या जागी राहते आणि त्याच्या शेजारी दुसरे उभे राहते. मग माध्यमांतर यांतले कोणते? तोंडाने आपण त्याला भाषांतराच्या पंगतीत बसवतो आणि प्रश्नपत्रिकेत स्थलांतरासारखे वागवतो: काय सुटले, काय गळाले, कोणता प्रसंग वगळला. ‘कादंबरी आणि चित्रपट यांतील फरक स्पष्ट करा’ म्हटले की विद्यार्थी दोन रकाने आखतो. डावीकडे कादंबरी, उजवीकडे चित्रपट. उजवा रकाना बहुतेक वेळा उणेच दाखवतो.

‘नटरंग’ घ्या. कादंबरीकार कागलचे, चित्रपट जानेवारी २०१०चा. तमाशाच्या वेडापायी एक धिप्पाड शेतमजूर नाच्या होतो, ही गोष्ट दोन्हीकडे आहे. कादंबरीला त्याच्या मनातली लाज आणि ओढ शब्दांत सांगता येते. पडद्यावर तेच सांगायला देह लागतो, म्हणून अभिनेत्याने आधी अंग कमावले आणि मग ते उतरवले. खांदे, मनगट, चाल, नजर. एकेका जागेवरून तो जुना गडी निघून जाताना आपण बघतो. हे दोन रकान्यांच्या तक्त्यात कुठे लिहायचे? इथे काही गळालेले नाही आणि जादा जोडलेलेही नाही. एकाच माणसाचे हाल दोन तऱ्हांनी कळतात, एवढेच आहे, आणि अभ्यास करायचा तो या तऱ्हांचा.

मधल्या काळात खुद्द वर्गाचेही माध्यम बदलले. ऑनलाइन पदव्यांसाठी देशपातळीवरचे पहिले स्वतंत्र नियम २०१८ मध्ये आले. २०२० मध्ये दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण यांचे नियम एकत्र झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये कॉलेजे बंद पडली आणि नियम वाचायच्या आधीच सगळे फोनवर शिकवायला लागले. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला पूर आला, तेव्हा शहरात यायचे रस्ते बंद होते, तरी ज्यांच्याकडे वीज होती ते तासाला हजर होते. २०२२ मध्ये अशा पदवीला वर्गातल्या पदवीची बरोबरी असल्याचेही नियामकांनी स्पष्ट केले.

दरम्यान २०१७च्या अखेरीस एका स्वीडिश ऑडिओबुक कंपनीची सेवा भारतात सुरू झाली होती. तिच्यात मराठी होते. आधी छापील पुस्तके आवाजात आली, मग थेट ऐकण्यासाठीच मालिका लिहिल्या जाऊ लागल्या. ‘माध्यमांतर’ हा शब्द इथे पुरता थकतो. जी गोष्ट कधी छापलीच गेली नाही तिचे मूळ कुठले धरायचे? तिने कुठली जागा सोडली? ‘समकालीन साहित्य’ कधीपासूनचे म्हणायचे यावरही वाद आहेत, कुणी साठनंतरचे धरतात, कुणी नव्वदनंतरचे, पण ते वर्षांचे वाद आहेत आणि बैठकीत मिटतात. ‘माध्यमांतर’मुळे मात्र आजचे निम्मे साहित्य दाराबाहेर थांबते. मला वाटते, पेपरचे नाव ‘कथात्म साहित्य आणि माध्यमे’ असे साधे करावे. त्यावर आक्षेप येतो की मग पुस्तक वाचणारच नाहीत. हा आक्षेप खोटा नाही. ऐकताना मागे जाऊन तेच वाक्य दुसऱ्यांदा ऐकणारे कमी, दीडपट वेगाने ऐकणारे पुष्कळ. पण वाचताना पाने गाळणारेही आपण पाहिले आहेत, आणि त्यांनी पुस्तक वाचले की नाही असे आपण कधी विचारले नाही.

गेल्या सत्रात दुसऱ्या पाळीच्या त्या विद्यार्थ्याने ऑडिओ मालिकेवर स्वाध्याय लिहिला. एका भागात बाई दार उघडते, आणि बोलायच्या आधी निवेदिका चार सेकंद गप्प राहते. त्या चार सेकंदांत काय घडते, यावर त्याने दीड पान लिहिले होते. आमच्या छापील नमुन्यात संदर्भासाठी एकच रकाना आहे, ‘पृष्ठ क्रमांक’. त्यात त्याने आधी काहीतरी लिहून खोडले होते आणि खाली बारीक अक्षरात लिहिले होते: ‘भाग ३, मिनिट १४’.