सीटपुढच्या इंचांची किंमत

फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने मोठी जोखीम पत्करली. इकॉनॉमी वर्गातल्या सीट्सच्या काही रांगा काढून टाकायच्या, उरलेल्या रांगा जरा सरकवायच्या आणि प्रत्येकाला पाय ठेवायला काही इंच जास्त जागा द्यायची, असा बेत होता. सगळ्या ताफ्यातून मिळून सात हजारांवर सीट्स कमी झाल्या. वाढीव जागेचे वेगळे पैसे मागितले नाहीत. एकदा का मोकळ्या जागेची सवय लागली, की माणूस दुसऱ्या कंपनीकडे फिरकणार नाही, हा त्यामागचा हिशेब.

तीन-चार वर्षांतच त्या रांगा परत बसवायला सुरुवात झाली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विमान कंपन्या तोट्यात गेल्या होत्या, स्वस्त कंपन्यांशी चढाओढ वाढली होती, हे खरं. पण या प्रसंगातून व्यवसायाने धडा घेतला तो असा: प्रवासी ऐसपैस जागा हवी म्हणतात, आणि तिकीट काढताना फक्त भाडं बघतात. सीट्स आवळत नेण्याचं समर्थन तेव्हापासून याच वाक्याने होत आलं आहे. मला हा धडा अर्धवट वाटतो. केबिनची रचना बघून माणूस विमान कंपनी निवडतो का, याचं उत्तर तिकीट काढताना ती रचना त्याला दिसते का, यावर बरंचसं अवलंबून आहे.

भाड्याची चढाओढच नसते तेव्हा काय होतं, हे जगाने पाहिलेलं आहे. १९७८ पर्यंत अमेरिकेत देशांतर्गत भाडी सरकारी मंडळ ठरवायचं. आंतरराष्ट्रीय मार्गांवरची भाडी आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना ठरवायची आणि सरकारं त्यांना मान्यता द्यायची. मुंबई-लंडन तिकीट कुठल्याही कंपनीचं घ्या, किंमत जवळपास तीच. मग गिऱ्हाईक ओढायचं कशाने? १९५८ मध्ये अटलांटिकपारच्या इकॉनॉमी वर्गात ‘सँडविच’ नेमकं कशाला म्हणायचं यावरून आयाटात रीतसर तंटा झाला, कारण काही युरोपीय कंपन्या सँडविचच्या नावाखाली अख्खं जेवण वाढत होत्या. १९७१ मध्ये एअर इंडियाचं पहिलं जम्बो जेट, ‘एम्परर अशोक’, मुंबईत उतरलं. त्याच्या खिडक्यांभोवती बाहेरून झरोक्यांची महिरप रंगवलेली होती, वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी बैठक होती, आणि ‘आकाशातला महाल’ अशी त्याची जाहिरात केली जायची. त्याच सुमारास अमेरिकन एअरलाइन्सच्या जम्बोत इकॉनॉमीच्या प्रवाशांसाठी चक्क इलेक्ट्रिक पियानो ठेवलेला होता. इतका खर्च कुणी निव्वळ हौसेखातर करत नाही. किंमत सारखी असली की माणूस केबिनकडे बघतो, याची त्या काळच्या कंपन्यांना खात्री होती.

भाडी मोकळी झाल्यावर हिशेब बदलला. कितपत बदलला, हे मोजायचं कसं? प्रवाशांना थेट विचारून उपयोग नसतो. ‘जास्त जागा हवी का?’ या प्रश्नाला नाही कोण म्हणेल? म्हणून संशोधक माणसासमोर दोन-तीन पर्याय ठेवतात. एकाचं भाडं कमी पण वाटेत थांबा, दुसरं थेट पण महाग, तिसऱ्यात सीट ऐसपैस पण निघण्याची वेळ पहाटेची. अशा शेकडो निवडींमधून कुठल्या गोष्टीचं वजन किती, हे गणिताने काढता येतं. या पद्धतीचा पाया घालणाऱ्या डॅनियल मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९७० च्या दशकात ‘बार्ट’ ही नवी रेल्वे सुरू होत होती, तेव्हा तिला किती टक्के लोक पसंती देतील याचा त्यांच्या गटाचा अंदाज ६.३ टक्के होता. प्रत्यक्षात आकडा आला ६.२. सरकारी अंदाज होता १५ टक्क्यांचा.

विमान प्रवासाला हीच पद्धत लावली की भाडं, वेळापत्रक आणि थांबे यांचं वजन सर्वांत जास्त भरतं. सीटचंही वजन असतं, पण त्यांच्यामागे. प्रवास लांबला की आणि प्रवासी कामासाठी फिरणारा असला की ते वाढतं. इथे एक मेख आहे. या प्रयोगांत सीटची माहिती पर्यायांच्या शेजारी लिहिलेली असते. खऱ्या आयुष्यात ती तशी कुठे दिसते?

शिकागो विद्यापीठातले क्रिस्टोफर शी यांनी १९९६ मध्ये छापलेला एक प्रयोग या जागी फार उपयोगी पडतो. संगीताचे दोन जुने कोश विकायला आहेत. एकात १० हजार नोंदी, पुस्तक नव्यासारखं. दुसऱ्यात २० हजार नोंदी, पण वेष्टन फाटलेलं. ज्यांना एकेकच कोश दाखवला त्यांनी नव्यासारख्या कोशाला जास्त किंमत देऊ केली. ज्यांनी दोन्ही शेजारी-शेजारी पाहिले त्यांनी २० हजारवाल्याला. नोंदी १० हजार असणं चांगलं की वाईट, हे तुलनेशिवाय कळत नाही. फाटकं वेष्टन मात्र कुणालाही कळतं.

‘सीट पिच ३१ इंच’ वाचून तरी काय कळतं? पिच म्हणजे सीटवरच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. त्यात पाठीची जाडीही धरलेली असते, त्यामुळे गुडघ्याला मिळणारी जागा वेगळीच निघते. पुढच्या प्रवासात सीटची पाठ नीट पाहा. नव्या, पातळ सीटमध्ये कागदपत्रांचा कप्पा गुडघ्यांसमोरून उचलून ट्रेच्या वर नेलेला असतो, कारण तो खाली असला की गुडघ्याचीच जागा खातो. असं करून गुडघ्याला पूर्वीइतकीच जागा ठेवता येते आणि विमानात आणखी रांग बसते. म्हणजे ३१ चे २९ झाले तरी बसणाऱ्याला फरक जाणवेलच असं नाही, आणि तेच ३१ जुन्या जाड सीटचे असतील तर गुडघे टेकतील. हा आकडा तिकीट काढणाऱ्याने पारखायचा तरी कसा? ७,४०० रुपये आणि ६,९०० रुपये यांतला फरक मात्र मोबाइलवर क्षणात दिसतो.

म्हणूनच मला युनायटेड एअरलाइन्सची गोष्ट जास्त बोलकी वाटते. तिने १९९९ मध्ये फक्त पुढच्या काही रांगांमधलं अंतर वाढवलं आणि त्यांना ‘इकॉनॉमी प्लस’ नाव दिलं. पुढे त्या जागेचे वेगळे पैसे लावले. प्रवाशासमोर सीट्सचा नकाशा येतो, साधी रांग आणि मोकळी रांग एकाच चित्रात, शेजारी किंमत. ही योजना आजवर टिकून आहे. २०१२ मध्ये खुद्द अमेरिकन एअरलाइन्सनेही तशीच वेगळ्या पैशांची रांग आणली. इंच तेच होते. एका ठिकाणी ते सगळ्यांना दिले आणि खरेदीच्या क्षणी कुणाला दिसले नाहीत, दुसऱ्या ठिकाणी ते चित्रात दाखवले आणि विकले गेले.

बिझनेस क्लासमध्ये तर केबिनच विकली जाते. ब्रिटिश एअरवेजने २००० मध्ये बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारा पलंग आणला. शेजारच्या दोन सीट्सची तोंडं उलट दिशांना केली, म्हणून फारशा जागा न गमावता तो बसवता आला. व्हर्जिन अटलांटिकने त्याच सुमारास आणलेली सीट झोपताना तिरकी राहायची. सपाट पलंगापुढे तिचा निभाव लागेना आणि २००३ मध्ये व्हर्जिनला नवी रचना आणावी लागली. रात्रभर तिरकं झोपून सकाळी बैठकीला जाणाऱ्या माणसाला इंचांचा तक्ता लागत नाही. तो महिन्यातून दोनदा उडतो, त्याच्याकडे स्वतःचा अनुभव असतो, आणि पैसे बहुधा कंपनी भरते.

आपल्याकडे नेमकी उलट गाठ पडते. पुणे-मुंबईचे आईवडील मुलांकडे न्यू जर्सीला निघतात, तेव्हा तिकीट मुलगा किंवा मुलगी तिथूनच काढते. बघितलं जातं ते थांबे किती, मधला वेळ किती, व्हीलचेअर मिळेल का, बॅगा किती नेता येतील. पंधरा-सोळा तास त्या सीटवर काढणाऱ्या माणसाला कुणी विचारतच नाही, आणि विचारलं तरी ‘मला काय, कुठलंही चालेल’ हेच उत्तर येतं.

काही गोष्टी तर प्रवाशाला दिसण्यासारख्याच नसतात. विमानातली हवा सहसा ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होऊ देतात. ही उंची उटीपेक्षाही थोडी जास्त. बोइंगच्या मदतीने अमेरिकेत ५०२ स्वयंसेवकांना वेगवेगळ्या उंचीची हवा असलेल्या बंद कक्षात २० तास बसवून अभ्यास झाला, तो २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. आठ हजार फुटांच्या हवेत रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण सुमारे चार टक्क्यांनी उतरलं, आणि सात-आठ हजार फुटांना तीन ते नऊ तासांनंतर अस्वस्थता वाढली. सहा हजार फुटांना, म्हणजे कळसूबाईहून किंचित वर, तितका त्रास नव्हता. ७८७ ड्रीमलायनरमध्ये बोइंगने हीच सहा हजारांची पातळी ठेवली. कार्बन तंतूंचं त्याचं धड जास्त दाब सोसतं आणि गंजत नाही, म्हणून आतली हवा थोडी दमटही ठेवता येते. या विमानातून उतरलेल्या माणसाला बरं वाटतं, पण कशामुळे, हे त्याला सांगता येत नाही. पुढच्या वेळी तो कंपनीचं नाव आठवेल, विमानाचं नाही.

भारतातला अनुभव वरवर पाहता भाड्याच्या बाजूने बोलतो. किंगफिशरने २००५ मध्ये प्रत्येक सीटसमोर टीव्हीचा स्वतंत्र पडदा दिला. २०१२ मध्ये ती बंद पडली, अर्थात ती कर्जांमुळे, पडद्यांमुळे नव्हे. २००६ मध्ये आलेल्या इंडिगोने एकच वर्ग, साधी सीट आणि वेळेवर उड्डाण यांवर भर दिला आणि आज देशांतर्गत बाजाराचा ६० टक्क्यांहून जास्त हिस्सा तिच्याकडे आहे. दोन तासांच्या मुंबई-दिल्ली प्रवासाला हे पटण्यासारखं आहे. पण त्याच इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर बिझनेस क्लास सुरू केला. आणि टाटांकडे परत आलेल्या एअर इंडियाने २०२२ च्या अखेरीस लांब पल्ल्याच्या जुन्या विमानांच्या अंतर्भागासाठी ४० कोटी डॉलर खर्च करायचं जाहीर केलं. मोडकी सीट आणि बंद पडदा यांची ख्याती तोंडोतोंडी पसरते, तिला तक्त्याची गरज पडत नाही.

गूगल फ्लाइट्समध्ये आता बऱ्याच उड्डाणांच्या तपशिलात पायांपुढची जागा इंचांत दिसते, सरासरीपेक्षा कमी की जास्त हेही लिहिलेलं असतं. तुलना हातात देण्याचा हा साधा मार्ग आहे, आणि ही ओळ भाड्याच्या शेजारी, पहिल्याच पानावर आली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तोवर तिकीट काढताना विमानाचा प्रकार तरी बघून घ्यावा. एअरबस ए३२० मधली सीट साधारण १८ इंच रुंद असते, बोइंग ७३७ मधली १७ च्या आसपास. एअरबसने २०१३ मध्ये लंडनच्या एका झोप-केंद्राकडून केलेल्या चाचणीचा हवाला देऊन या एका इंचाने झोप ५३ टक्क्यांनी सुधारते असं सांगितलं होतं. रुंद सीट विकणाऱ्यानेच पैसे दिलेली चाचणी म्हणून तो आकडा मी जपूनच घेतो, पण रात्रीच्या प्रवासात शेजाऱ्याचा खांदा लागतो की नाही हे त्या इंचावर ठरतं. इंडिगोकडे मुख्यतः ए३२० घराण्यातली विमानं आहेत, अकासाकडे ७३७. ऐनवेळी विमान बदलण्याचा हक्क मात्र कंपनी राखून ठेवते, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी सीटचा नकाशा पुन्हा एकदा उघडून पाहावा.