ऑक्टोबरचं जन्मफूल झेंडू, पण कुठला?

दसरा जवळ आला की एक मेसेज फिरू लागतो: ‘ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्यांचं फूल झेंडू. वेदकाळापासून ते आपल्याकडे उत्साहाचं प्रतीक आहे.’ यातला वेदकाळ तर चुकीचाच, आणि फुलाची ओळखही गडबडलेली.

आपल्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. १४९२ नंतर युरोपीय जहाजांची अमेरिकेत ये-जा सुरू झाली, त्यानंतरच तो इतरत्र पोचला. मेक्सिकोत आजही १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या आठवणीसाठी त्याच्या केशरी पाकळ्यांची वाट घालतात. मला हे फार हृद्य वाटतं.

महिन्यागणिक फूल ही पद्धत मात्र पाश्चात्त्य. फुलांना ठरावीक अर्थ देण्याची हौस युरोपात १९व्या शतकात वाढली. १८१९ साली पॅरिसमध्ये निघालेलं फुलांच्या भाषेवरचं पुस्तक खूप गाजलं. त्या लोकांच्या ओळखीचं जुनं ‘मेरीगोल्ड’ म्हणजे कॅलेंड्युला, भूमध्य समुद्राकाठचं फूल. इंग्रजीत दोघांना एकच नाव, तिथेच घोळ झाला. आणि अर्थ? दुःख! कॅलेंड्युलाचं फ्रेंच नाव ‘सूसी’ सूर्याच्या मागे फिरण्यावरून आलं, पण त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ काळजी असाही होतो.

फरक बघायचा तर दोघांचं बी तळहातावर घ्या. झेंडूचं काळं, काडीसारखं, टोकाला फिकट कुंचला असलेलं. कॅलेंड्युलाचं तपकिरी, खरखरीत, नखासारखं वळलेलं.