ब्रिटन : प्रवाशाला प्रत्यक्ष ऐकता येणारे संगीत

ब्रिटनमध्ये संगीत समोर बसून ऐकायचे तर फक्त मोठ्या सभागृहांकडे धावण्याचे कारण नाही. कॅथीड्रलमधील (बिशपच्या मुख्य चर्चमधील) सायंप्रार्थना, पबच्या कोपऱ्यातले फिडलवादक (व्हायोलिनवर लोकधुना वाजवणारे), खेड्यातल्या चढणीवरून वाजत जाणारा पितळी वाद्यांचा ब्रास बँड या तेथील रोजच्या जगण्यातल्या गोष्टी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच फुकट ऐकता येतात. मात्र प्रत्येकीचा हंगाम ठरलेला, वारही ठरलेला. म्हणून प्रवास आखताना नकाशाआधी दिनदर्शिका पाहावी.

उन्हाळ्यात लंडनला जाणाऱ्याने ‘प्रॉम्स’ हा अभिजात संगीताचा महोत्सव चुकवू नये. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुमारे आठ आठवडे रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हा महोत्सव चालतो. रॉबर्ट न्यूमन या व्यवस्थापकाने 10 ऑगस्ट 1895 रोजी क्वीन्स हॉलमध्ये त्याची सुरुवात केली आणि वाद्यवृंदाचे संचालन हेन्री वुड या तरुणाकडे सोपवले. अभिजात संगीताची सवय नसलेल्या माणसालाही स्वस्तात, उभ्याउभ्या ते ऐकता यावे, असा न्यूमनचा विचार होता. 1927 मध्ये बीबीसीने ही जबाबदारी घेतली. मे 1941 मधील बाँबहल्ल्यात क्वीन्स हॉल जळाला, तेव्हापासून रॉयल अल्बर्ट हॉल हे प्रॉम्सचे घर झाले. जुन्या हॉलच्या ढिगाऱ्यातून वाचलेला वुडचा अर्धपुतळा दर हंगामात ऑर्गनसमोर ठेवतात आणि शेवटच्या रात्री श्रोते त्याला पानांचा हार घालतात.

न्यूमनचा हेतू आजही टिकून आहे, आणि प्रॉम्सचे खरे मोठेपण त्यात आहे. मंचासमोरची मोकळी जागा व अगदी वरची गॅलरी उभे राहणाऱ्यांसाठी राखलेली असते. ती तिकिटे मोजक्या पौंडांत, बहुधा कार्यक्रमाच्या दिवशीच मिळतात. जगातला नावाजलेला वाद्यवृंद चार हातांच्या अंतरावर वाजत असतो आणि ऐकणारा पाठपिशवी घेऊन आलेला विद्यार्थी असू शकतो. गॅलरीत तर काही जण चटई पसरून, डोळे मिटून पडल्यापडल्या ऐकतात. मराठी श्रोत्याला ही वास्तू आणखी एका कारणाने जवळची वाटेल. लता मंगेशकर यांनी 1974 मध्ये येथे गायन केले आणि त्या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिकाही निघाली. 2023 च्या प्रॉम्समध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक संपूर्ण कार्यक्रम झाला.

दुपारचा एक तास मोकळा असेल तर ट्रफॅल्गर चौकालगतच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमधील मध्यान्ह मैफल ऐकावी. मध्यान्ह मैफलींचा याच परिसरातला एक प्रसंग आवर्जून सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे सुरक्षित जागी हलवली गेली. त्या रिकाम्या दालनांत पियानोवादक मायरा हेस यांनी 1939 ते 1946 पर्यंत दुपारच्या मैफली चालवल्या. हवाई हल्ल्यांच्या भीतीने दिवे बंद ठेवण्याच्या सायंकाळच्या अंधारबंदीत घराबाहेर पडणे अवघड झाल्याने लोक जेवणाच्या सुट्टीत येऊन ऐकत. 1901 मध्ये उघडलेले विगमोर हॉल हे साडेपाचशेच्या आसपास आसनांचे सभागृह चेंबर संगीतासाठी, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीतासाठी, प्रसिद्ध आहे. तेथे श्वासही जपून घ्यावा इतके स्पष्ट ऐकू येते.

कॅथीड्रलमधील ‘इव्हनसाँग’ ही गायिलेली सायंप्रार्थना बहुधा पाच-साडेपाचच्या सुमारास होते आणि पाऊण तासात संपते. तिकीट नसते, धर्म कोणी विचारत नाही. उंच दगडी कमानींखाली टॅलिस किंवा बर्ड या इंग्रज संगीतकारांच्या सोळाव्या शतकातल्या रचना, ज्या उपासनेसाठी त्या लिहिल्या गेल्या तिच्यातच ऐकायला मिळतात. तो सूर सभागृहात सापडत नाही. ही मैफल नव्हे, प्रार्थना आहे, म्हणून टाळ्या वाजवू नयेत. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे गायकवृंद विद्यापीठाचे सत्र चालू असतानाच गातात, तेव्हा सत्राच्या तारखा आधी पाहाव्यात.

उत्तर इंग्लंडमध्ये ‘व्हिट फ्रायडे’ गाठता आला तर इतर बेत बाजूला ठेवावेत. ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी पेंटेकॉस्ट हा ख्रिस्ती सण येतो. त्यापुढच्या शुक्रवारी मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थ व टेमसाइड भागांतील गावागावांत ब्रास बँडच्या स्पर्धा होतात. त्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकातली आहे. गिरण्या आणि खाणींतल्या कामगारांनी हे बँड उभे केले. गिरण्या बंद पडल्या, तरी बँड राहिले. दुपार उलटली की बँड बसने एका गावातून दुसऱ्या गावात जातात, रस्त्यावरून संचलन करत वाजवतात आणि मग ठरलेल्या जागी उभे राहून स्पर्धेची धून सादर करतात. परीक्षक बंद खोलीत किंवा कॅरॅव्हानमध्ये बसलेला असतो. कोणता बँड वाजवतो आहे हे त्याला दिसत नाही, त्यामुळे नाव पाहून गुण देण्याचा प्रश्नच उरत नाही. डेल्फ किंवा डॉबक्रॉससारख्या गावात भिंतीला टेकून उभे राहिले की रात्र होईपर्यंत एकामागून एक बँड समोरून जातात.

स्कॉटलंडमधील पबमध्ये होणाऱ्या लोकसंगीताच्या ‘सेशन’ला आपल्याकडचा ‘बैठक’ हा शब्द शोभतो, पण एक फरक आहे. वादक श्रोत्यांकडे तोंड करून बसत नाहीत. टेबलाभोवती एकमेकांकडे पाहत, एकमेकांसाठी वाजवतात. मंच नाही, ध्वनिक्षेपक नाही, कार्यक्रमपत्रिका नाही. एकाने धून सुरू केली की ओळखणारे त्यात उतरतात, आणि दोन-तीन धुना न थांबता जोडल्या जातात. एडिनबरोतील सँडी बेल्स हा पब यासाठी ख्यातनाम आहे. वादकांच्या टेबलाची खुर्ची पटकावू नये, एवढा शिष्टाचार पुरेसा. जानेवारीच्या थंडीत जाणाऱ्याला ग्लासगोमध्ये 1994 पासून चालू असलेला ‘सेल्टिक कनेक्शन्स’ हा महोत्सव मिळतो.

इंग्लंड-वेल्समध्ये पबमधील संगीत परवान्याच्या नियमांमुळे अडचणीत आले होते. 2012 च्या लाइव्ह म्युझिक कायद्याने सकाळी आठ ते रात्री अकरापर्यंत छोट्या जागांवरील बंधने सैल केली.

बीटल्स हा बँड सुरुवातीच्या काळात जेथे वाजवत असे, ते लिव्हरपूलचे कॅव्हर्न क्लब पाहायला त्याचे चाहते जातातच. मूळ तळघर 1973 मध्ये बंद झाले आणि सध्याची वास्तू 1984 मध्ये पुन्हा बांधून उघडलेली आहे, हे ठाऊक असावे. तरीही मॅथ्यू स्ट्रीटवरच्या त्या विटांच्या कमानींखाली आजही रोज कोणी ना कोणी गिटार घेऊन उभे असते.